पालथी ताटं

ताटं वाजायला लागली तेव्हा मी सोनलची वेणी घालत होते. आवाज गल्लीच्या तोंडाशी आला आणि माझ्या हातातला कंगवा थांबला. स्टीलच्या ताटावर उलथन्याचा दांडा, आधी एकच, मग दोन-चार, मग सगळ्याच. हा आमच्या महिला मंडळाचा आवाज. मीसुद्धा त्यात किती वेळा ताट बडवलं असेल. पण कुणाच्या दारात जायचं असलं की आदल्या संध्याकाळी आमची बैठक व्हायची, आणि काल मला कुणी बोलावलं नव्हतं.

"आई, कुणाच्या दारात चालल्यात गं?" सोनलनं विचारलं.

"मान सरळ धर," मी म्हटलं आणि रिबीन अशी ओढली की पोरगी कळवळली.

माझे मालक, सर्जेराव, भिंतीला टेकून बशीतून चहा पीत होते. आवाज ऐकला तशी त्यांनी बशी तोंडालाच धरून ठेवली. माझ्याकडे बघेनात.

"तुम्ही सांगितलंत," मी म्हणाले.

"अगं, आईनं विचारलं, वडापची जीप कशाला सांगितलीय उद्याला. मग..."

"मग?"

"मग काय. तिच्या तोंडावर खोटं बोलायला जमतंय का मला?"

"खरं बोलायला तरी कधी जमलंय?" मी म्हणाले. पण आता त्यांच्याशी भांडून काय मिळणार होतं? गल्लीच्या टोकाला इकबालची जीप येऊन उभी राहणार होती आणि मला त्या जीपमध्ये बसायचंच होतं.

मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मला ते मूल नको होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी एकदा जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई फक्त मंगळवारी यायच्या. "आता लांबवू नकोस, पुढं अवघड होईल," असं त्यांनी बजावलं होतं, आणि आज मंगळवार होता. सगळं कायद्यात बसतं, सही तुझी एकटीची चालते, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. आमच्या घरात माझी सही पोरींच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा चालत नव्हती.

आता ताटांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं जेवायचं ताट कुणी ओलांडत नाही. दारू पिऊन झिंगलेला माणूससुद्धा अंगणात ताट दिसलं तर वळसा घालून जाईल. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, गाव त्यांना बायजाक्का म्हणतं, नेमकी हीच गोष्ट हेरली. गावात दारूचा गुत्ता होता. एका सकाळी त्यांनी बायका गोळा केल्या, ताटं बडवत गुत्त्यापुढं नेल्या आणि प्रत्येकीला आपलं रोजचं जेवायचं ताट दारात पालथं घालायला लावलं. "ज्याला प्यायचीय त्यानं आमच्या पोरांच्या ताटावरनं जावं," म्हणाल्या. एक माणूस गेला नाही. गुत्तेवाला आठवडाभर दारात बसून शिव्या देत होता, मग त्यानं कुलूप लावलं आणि भावाकडं निघून गेला.

मग पोटातली मुलगी तपासून पाडायचं वारं आलं. बायका सकाळी जीपमध्ये बसून जायच्या आणि संध्याकाळी पांढऱ्याफटक होऊन यायच्या. कुणी काही बोलायचं नाही. आत्याबाईंचं डोकं फिरलं. पाटलांच्या वस्तीवरची शालन, पहिली मुलगी असलेली, तिला नवरा आणि दीर घेऊन चालले होते तेव्हा आम्ही रस्त्यावर आडवी ताटं घातली. इकबालनं ब्रेक मारला. आत्याबाईंनी दार उघडून शालनचा दंड धरला आणि तिला खाली ओढली. तिचा नवरा हातघाईवर आला. जीपची किल्ली मी स्वतः काढून घेतली. शालन घरापर्यंत रडत आली. तिला मुलगी झाली, मुक्ता. तेव्हापासून कुठंही चार बायका जमल्या की आत्याबाई सांगायच्या, हात धरून ओढली म्हणून ही पोर हाय. आणि टाळ्या पडायच्या. मीपण वाजवायचे.

तर ती ताटं आता माझ्या दारात आली.

आत्याबाई पुढं होत्या. देवळात जाते म्हणून पहाटेच घरातून निघालेल्या. त्यांनी उंबऱ्यावर वाकून आपलं ताट पालथं घातलं. त्यांचं नाव कोरलेलं ताट, रोज मीच घासायचे ते. मागून मंडळातली कलावती आली, तिनं घातलं. मग एकामागून एक. उंबऱ्यापासून पायरीपर्यंत सगळी जागा भरून गेली. मालक बशी तिथंच ठेवून गोठ्याकडं सरकले.

"आत्याबाई, हे काय?"

"ताट हाय. वळखतीस की."

"कुणासाठी?"

"तुझ्या पोटात हाय त्येच्यासाठी." आवाज चढलेला नव्हता. "कुठं तपासलंस, वैजू?"

"कुठंच नाही. मुलगा आहे की मुलगी, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही."

"मग कशापायी चाललीयास?"

"मला नकोय म्हणून."

"नको म्हंजे? वाढलेली भाजी हाय व्हय, नको म्हणायला?"

मागं बायका हसल्या. मला संताप आला. या बायकांच्या शेजारी बसून मी भाकरी खाल्ली होती, यांच्या भांडणांत पडले होते, आणि आता माझ्या पोटावर हसताहेत!

"मला एक सांगा," मी म्हणाले. "समजा मी तपासलं असतं, मुलगा निघाला असता, आणि तरी मी निघाले असते. मग आला असतात ताटं घेऊन?"

"मुलगा आसल्यावर कोण जातंय, बाई?" कलावती म्हणाली, आणि परत हशा. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत.

"आले आसते," त्या म्हणाल्या. "जीव त्यो जीव. पोरगं असू दे न्हाई तर पोरगी. तुला जड वाटत आसंल तर मी सांभाळीन. सोनलला कुणी सांभाळली? मीच का न्हाई?"

खरं होतं. सोनलला त्यांनीच वाढवली. तिच्या वेळी बाळंतपणानंतर मला काहीतरी झालं होतं. पोर रडायला लागली की मी दार ओढून घ्यायचे आणि उसाच्या सरीत जाऊन बसायचे. दूध दाटून पोलकं भिजायचं तरी मला उठावंसं वाटायचं नाही. एका दुपारी मी विहिरीच्या काठावर उभी होते आणि आत्याबाईंनी मागून येऊन माझी वेणी धरली. गावाला सांगितलं, पाणी शेंदताना पोरीला चक्कर आली. कुठल्या कुठल्या देवाचे अंगारे लावले. सहा महिने मला एकटं सोडलं नाही. या बाईचे माझ्यावर उपकार होते, आणि तीच आज दारात बसली होती.

"तिला तुम्ही सांभाळलंत," मी म्हणाले. "मला कोण सांभाळणार?"

"ते बाहेरचं हुतं गं. गेलं."

"ते बाहेरचं नव्हतं, आत्याबाई. ती मीच होते. मला माझी भीती वाटते. परत तसं झालं आणि तेव्हा तुम्ही विहिरीवर नसलात तर या दोघींचं काय?"

आता कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, आता उठतील. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला इकबालनं हॉर्न दिला. मी पिशवी उचलली आणि पहिल्या ताटापुढं येऊन पाय उचलला. खरंच उचलला. एक बाई "अगं अगं अगं" म्हणून ओरडली, आणि आत्याबाईंनी माझा दंड धरला. कलावतीनं दुसरा. मी हिसडा मारला, माझी पिशवी पडली, आतलं लुगडं आणि टॉवेल ताटांवर पसरले. बघता बघता त्यांनी हातानं ताटं बाजूला सारली, मला मागं ढकलत धान्याच्या खोलीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि ताटं परत तिथंच मांडली.

मला आधी खरंच वाटेना. मग मी दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागले.

"आत्याबाई! दार उघडा!"

"डोकं थंड हू दे. मग उघडते."

"मंगळवार आहे आज!"

"म्हणूनच."

बाहेर सोनल रडायला लागली. "आजी, आईला काढ, आईला काढ." थोरली अश्विनी तिला गप करत होती आणि स्वतःच मुसमुसत होती. मालकांचा आवाज आला, गोठ्याकडून, "आई, सोड की तिला." आत्याबाई म्हणाल्या, "तुला काय कळतंय ह्यातलं?" आणि मालक म्हणाले, "न्हाई कळत, पण सोड." आमच्या संसारात त्यांनी आईला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. पण कडी काही निघाली नाही.

मी पोत्यावर बसले, उठले, परत बसले. छताजवळच्या झरोक्यातून उजेड भिंतीवर खाली सरकत होता. दवाखाना दुपारी बंद व्हायचा. इकबाल किती वेळ थांबेल? त्याला बाकीच्या गिऱ्हाइकांना पोचवायचं होतं. मी दारूच्या गुत्त्याचा विचार केला, शालनचा केला, जीपची किल्ली मुठीत आवळून उभ्या असलेल्या माझा केला. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! आता त्याच बायका, तीच ताटं, आणि मी दाराच्या या बाजूला. माझ्या डोक्यात नुसता कालवा चालला होता. शालनला ओढली ते बरोबर आणि मला कोंडली ते चूक, हे मला छातीत लख्ख कळत होतं, पण कुणी विचारलं असतं की का, तर मला सांगता आलं नसतं. तिच्याही पोटात जीव होता, माझ्याही. तीही रडत होती, मीही.

हॉर्न परत वाजला. मी परत दार बडवलं.

मग बाहेर आत्याबाई कुणाला तरी म्हणाल्या, "जा, शालनला बोलवून आण. पोरीला घिऊन यायला सांग. हिनं डोळ्यानं बघू दे."

शालन आली तेव्हा कडी निघाली. दारात कलावती आणि आणखी एक जण अशी उभी राहिली की मला निसटता येऊ नये. शालन मुक्ताला कडेवर घेऊन आत आली. आत्याबाई तिच्या मागं.

"बघ," आत्याबाई म्हणाल्या. "त्या दिवशी आमी हात लावला नसता तर ही आसती का? शालन, सांग हिला. तू बी रडत हुतीस. तुला बी नको वाटत हुतं. आता बघ कशी हाय पोर. सांग."

मुक्ता अंगठा चोखत माझ्याकडं बघत होती. मी मान फिरवली. त्या पोरीचा काही दोष नव्हता, पण मला तिच्याकडं बघवेना.

 शालन माझ्याहून लहान, वस्तीवरून गिरणीपर्यंत येण्यापलीकडं कुठं न जाणारी. तिनं मुक्ताला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बोल की," कलावती म्हणाली.

"बायजाक्का," शालन म्हणाली, "मला तुमी अडवलं न्हाई."

"आं?"

"मीच बोलावलं हुतं तुमाला."

आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला. "शालन, गप."

"आता गप कशाला?" ती थांबली नाही. "आदल्या दिवशी गिरणीत मी तुमाला सांगितलं. गिरण चालू हुती, कुणाला ऐकू आलं न्हाई. म्हटलं, बायजाक्का, उद्या मला न्हेणार हैत, मला जायाचं न्हाई, कायबी करा पण मला उतरवा. माझी हिंमत न्हाई उतरायची, तुमी ओढून काढा, म्हंजे घरात मला बोल लागणार न्हाई. म्हटलं हुतं का न्हाई?"

 कलावती दार सोडून आत आली. "काय म्हणतीस?"

"खरं हाय," शालन म्हणाली. "ह्यांनी कुणालाच सांगितलं न्हाई, माझ्यासाठीच. सासरी कळलं आसतं तर मला उभी जाळली आसती. लई उपकार हैत त्यांचे. पण सांगता सांगता बायजाक्कांनाच वाटायला लागलं की मला ओढून काढली." मग ती आत्याबाईंकडं वळली. "वैजूवहिनीनं तुमाला बोलावलं का?"

आत्याबाईंनी पदर सावरला.

"बोलावलं का तिनं?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

दारात पंधरावीस बायका उभ्या होत्या. शालन जे बोलली ते संध्याकाळपर्यंत तिच्या सासूच्या कानावर जाणार होतं. तिला ते ठाऊक होतं. मुक्ताला तिनं असं गच्च धरलं होतं की पोर कुरकुरायला लागली.

आत्याबाई माझ्यासमोर ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. मी त्यांना अशी बसलेली कधी पाहिली नव्हती, खांदे सोडून. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तू करतीयास ती चूकच हाय, वैजू. मी मरस्तोवर म्हणीन."

"म्हणा."

"तुला बोल लावीन."

"लावा. रोज लावा. पण मला कोंडू नका."

त्या उठल्या. कलावतीला हातानं बाजूला सारलं. "व्हा बाजूला. जाऊ द्या तिला. ताट मातूर मी उचलणार न्हाई," त्या म्हणाल्या. "वलांडायचं तर तुझं तू वलांड."

मी बाहेर आले. पिशवीतलं लुगडं अश्विनीनं घडी करून ठेवलं होतं. शालननं वाकून पायरीवरचं एक ताट उचललं, ते तिचंसुद्धा नव्हतं. मग कलावतीनं, काय मनात आलं कोण जाणे, आपलं उचललं. बाकीच्या बघत राहिल्या. उंबऱ्यावरचं आत्याबाईंचं तसंच होतं. त्याला वळसा घालायला जागा नव्हती.

मी ते ओलांडलं.   ताटावरून जाणारी आमच्या गावातली मी पहिलीच.

इकबाल थांबला होता. त्यानं माझ्याकडं आरशातून बघितलं आणि किल्लीवर हात ठेवला. "वहिनी, या वेळी किल्ली मी देणार न्हाई हं," म्हणाला. त्या तशा वेळीसुद्धा मला हसू फुटलं. शालन माझ्याबरोबर चढली, मुक्ता तिच्या मांडीवर. जीप हलली तेवढ्यात मालक परसदाराच्या भिंतीवरून उडी मारून, चपला हातात घेऊन पळत आले आणि पुढच्या सीटवर बसले. आईचं ताट ओलांडायची त्यांची छाती झाली नव्हती, पण भिंत चढले बिचारे.

दवाखान्यात सही माझी एकटीची चालली. मला वाईट वाटलं नाही असं नाही. जे वाटायचं ते वाटलं, आणि सुटकाही वाटली. दोन्ही एकदम. त्याबद्दल मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही.

शालनच्या घरी व्हायचं ते झालं. सासूनं तिला दोन्ही पोरींसकट माहेरी धाडली. आत्याबाई महिनाभर दर दोन दिवसांनी वस्तीवर जाऊन त्यांच्या अंगणात नुसत्या बसून राहायच्या, ताट न वाजवता, चहाही न घेता. शेवटी ते लोक कंटाळले आणि शालनला परत घेऊन आले. माझ्याशी मात्र आत्याबाई तेवढे दिवस कामापुरतंच बोलल्या. बोल लावीन म्हणाल्या होत्या, तोही लावला नाही. त्यानं मला जास्तच कासावीस व्हायचं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात परत निरोप आला, वरच्या आळीतली नवी सून, हौशा गड्याची बायको, तिला तपासायला न्हेत्यात. आम्ही तालुक्याच्या रस्त्यावर ताटं घातली. मी पण गेले होते. जाऊ की नको असं रात्रभर चाललं होतं माझं, पण गेले. जीप थांबली. कलावती दाराकडं धावली तशी आत्याबाईंनी तिला हातानं थोपवलं.

"गडी समदे खाली उतरा," त्या म्हणाल्या. "त्या बाभळीपाशी जाऊन हुबं ऱ्हावा."

ते उतरले, शिव्या देत. आत्याबाईंनी जीपच्या दारात डोकं घातलं. आत ती पोरगी एकटी, पदर तोंडात धरून.

"पोरी," आत्याबाई म्हणाल्या, "तू जातीयास, का तुला न्हेत्यात?"

तिनं पदर तसाच दातात धरून ठेवला. आत्याबाई घाई करेनात. त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. पोरगीनं बाभळीकडं बघितलं, तिथं नवरा विडी पेटवत होता. मग रस्त्यावरच्या ताटांकडं. मग माझ्याकडं.

"मी जाते," ती म्हणाली.

"तपासून?"

"न्हाई. मला झेपत न्हाई आता." तिनं मान खाली घातली. "मी जाते."

आत्याबाईंनी वाकून आपलं ताट उचललं. आम्हीही उचलली. गडी येऊन बसले, जीप गेली, धुरळा खाली बसला. आत्याबाई रस्त्यातच उभ्या होत्या, पदरानं ताट पुसत. पुसून झालं तरी पुसत होत्या.

"खरं बोलली आसंल का गं ती?" त्यांनी मला विचारलं.

"कसं सांगू?"

"मानगूट धरून वदवून घेत्यात पोरींकडनं. आपल्याला काय कळणार?" त्या रस्त्याकडंच बघत होत्या. "सोडली म्या तिला. पोरगीच आसली तर?"

मीही रस्त्याकडं बघितलं. तोच प्रश्न मलाही पडला होता.

"तू बोललीस ना त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "विहिरीचं. माझी मला भीती वाटती म्हणालीस. तवाच मला कळलं हुतं, ही खरं बोलतीया."

"मग?"

"मग काय. कळल्यावर कडी घातली म्या."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि गावाकडं चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून निघाले. पुलापर्यंत त्या दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा मागं वळून रस्ता बघितला.